रविवारी पायी फिरायचे बाजार : जुना बाजार, मंडई आणि आजूबाजूचं

पायपीट

नमस्कार मंडळी. मेट्रो मंडईपर्यंत आल्यापासून (सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला) रविवारी सकाळी गाडी घरीच ठेवून पेठांमधे पायी हिंडायची सवय लागलीये. आधी पार्किंग शोधण्यातच निम्मी सकाळ जायची आणि मग जे काय बघायचं ते घाईत बघून परत, आता तसं होत नाही. इथे अधूनमधून कोणीतरी विचारतं की पुण्यात रविवारी बाजार बघायला कुठे जायचं, म्हणून हा धागा काढतोय, प्रत्येकाने आपापली भर घाला.

माझा रस्ता साधा आहे. कसबा पेठ स्टेशनला उतरायचं, कसबा गणपतीला नमस्कार, तांबट आळीतून कुंभारवाड्याकडे, तिथून डेंगळे पुलाच्या बाजूने जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. मग पाय शाबूत असतील तर सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती, आणि परत फिरून रविवार पेठेतून मंडई. मंडई स्टेशनला मेट्रो पकडली की जेवायला घरी. अंतर म्हणाल तर फार नाही पण जुन्या बाजारात एकदा शिरलात की वेळेचा हिशोब सोडा.

आता मुद्द्याचं. ज्यांनी जुना बाजार फक्त रीलमधे बघितलाय त्यांना वाटतं की तिथे सगळे ग्रामोफोन, पितळी दिवे आणि पोर्तुगीज काळातले कंदील. असतं, तेही असतं. पण हा बाजार मुळात त्या लोकांसाठी भरतच नाही. तो भरतो फिटर, प्लंबर, वायरमन, गवंडी, सायकलवाला, नवीन गॅरेज टाकणारा पोरगा यांच्यासाठी. पथारीवर बघा काय मांडलेलं असतं, रिंग पाने, फिक्स पाने, पकडी, ड्रिलचे बिट, बेअरिंगा, नळाच्या तोट्या, किल्ली नसलेली कुलपं, कुलूप नसलेल्या किल्ल्या, मोटरचं वाइंडिंग, सेफ्टी बूट, एका पायाचे पण.

मागे एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं साधन) बघत होते. वर्कशॉपमधले असावेत, नखात काळं होतं. त्यांनी आधी तोंडाने फुंकर मारून धूळ उडवली, शर्टाच्या टोकाने जबडे पुसले, मग दोन्ही जबडे बंद करून व्हर्नियर आभाळाकडे धरला आणि एक डोळा मिटून मधल्या फटीतून उजेड येतोय का ते बघितलं. उजेड आला नाही. मग शून्याची रेघ शून्याला जुळतेय का बघितलं. मग खालचा स्क्रू सैल करून जबडा सरकवला, कुठे अडकतोय का ते बोटाला कळेपर्यंत दोनदा पुढेमागे केला. एवढं सगळं होईपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. आणि शेवटी भाव विचारला तो असा की जणू घ्यायचाच नाहीये. मी तिथे उभा राहून जे शिकलो ते इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला कोणी शिकवलं नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या बाजारात वस्तू बघायच्या आधी गिऱ्हाईक बघा. कोण काय उचलतंय, कसं पारखतंय. मग कळतं की चांगला माल कुठल्या पथारीवर आहे.

मंगळवार_पेठी

लेख छान, पण आमच्या घरासमोरून हा बाजार जातो त्यामुळे आमची बाजू पण ऐका. रविवारी आमच्याकडे रिक्षा येत नाही, पाहुण्यांना कमला नेहरू हॉस्पिटलपाशी उतरून चालत या म्हणून सांगावं लागतं. फुटपाथवर मांडलंय म्हणून माणसं रस्त्यावर, माणसं रस्त्यावर म्हणून गाड्या तुंबलेल्या, आणि गाड्या तुंबल्या म्हणून प्रत्येकाचा हात हॉर्नवर. फोटो काढणाऱ्यांना मजा वाटते.

असो. अवांतर माहिती, आमच्या पेठेचं मूळ नाव अष्टापुरा. सोमवार म्हणजे शहापुरा, रविवार म्हणजे मलकापुरा, शुक्रवार विसापूर, गुरुवार ही वेताळ पेठ. आणि मंगळवार पेठेतला बाजार भरतो बुधवारी न् रविवारी. पुण्यात सरळ काही असेल तर शपथ.

आमचे वडील सांगायचे की पूर्वी हा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. तिथून उठवून इकडे आणला.

सुलूमावशी

वाचतेय. पायपीट, फार छान लिहिलंयस रे. एक विचारायचं होतं, बायकांनी एकटीने जाण्यासारखं आहे का? आणि मधे कुठे टॉयलेट वगैरे? माझे गुडघे असे आहेत की दर तासाला बसायला लागतं.

पायपीट

मावशी, बिनधास्त जा. दिवसा भरपूर वर्दळ असते आणि विकायला बसलेल्यांमधे पण बऱ्याच बायका आहेत, विशेषतः कपडे आणि भांड्यांच्या बाजूला. पर्स पुढे घ्या, मोबाईल मागच्या खिशात नको, एवढं सगळीकडचंच. टॉयलेटचं म्हणाल तर मेट्रो स्टेशनवर स्वच्छ आहे, उतरल्या उतरल्या तिथेच उरकून निघायचं आणि नंतर मंडई स्टेशनला. मधे सोय कमी आहे हे खरं. बसायला त्रिशुंड गणपतीचं देऊळ सगळ्यात बेस्ट, आत गार असतं.

कल्हईवाली

त्रिशुंड गणपतीला नुसतं बसायला जाऊ नका हो! पुढच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघा. गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाई आहेत तिथे, बंदुकवाले. देऊळ १७५४ ते १७७० च्या दरम्यानचं, म्हणजे पुण्यात इंग्रजांचं राज्य यायच्या किती आधी. काळ्या पाषाणात आहे सगळं. आत गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. आख्ख्या पुण्यातल्या लोकांना दगडूशेठ माहितीये आणि हे नाही.

आता माझा विषय, भांडी. जुन्या बाजारात तांब्यापितळेचं घेताना ऐकलेल्या गोष्टी कमी आणि हात जास्त वापरा. पहिलं म्हणजे चुंबक न्या. फ्रिजवर चिकटवतो तसलं साधं चालतं. तांबं आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही, चिकटलं की वर नुसतं पाणी चढवलंय, आत लोखंड. दुसरं, बुडाला आणि कानाला डाग दिलाय का बघा, जिथे झाळलेलं असतं तिथे रंग वेगळा दिसतो. असं भांडं शोभेला ठीक, चुलीवर नको. तिसरं, आतली कल्हई. स्वयंपाकाला वापरायचं असेल तर कल्हई करूनच, त्यातून आंबट काही असेल तर नक्कीच. ताक, आमटी, चिंच घातलेलं काहीही बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं की कळकतं.

कल्हई करणारे आता कमी राहिलेत पण आहेत. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका हातात फिरवायचं. वितळलेलं कथील असं पसरतं की पिवळं भांडं डोळ्यादेखत चांदीसारखं होतं. माझ्या लेकीला दाखवलं तर म्हणे परत करा.

आणि अजून एक. भांड्यावरची नावं वाचा. टोकाने ठिपके ठिपके देऊन कोरलेली. कोणाच्या लग्नात मामाने दिलेलं, कोणाच्या स्मरणार्थ, तारीख, तिथी, गाव. मी एक घंगाळं घेतलंय त्यावर नाव आहे, गाव आहे आणि पुढे लिहिलंय "कोणी नेऊ नये". घरातल्या घरात भांडी पळवापळवी झाली असणार! नेलंच शेवटी.

ढब्बू_पैसा

कल्हईवाली ताई, "कोणी नेऊ नये" ला दंडवत.

चुंबकाचं बरोबर सांगितलंत, नाण्यांना पण तेच. जुन्या बाजारात नाण्यांच्या पथाऱ्या असतात आणि नवीन माणूस तिथेच सगळ्यात जास्त फसतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक, राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेलं, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ किंवा त्याच्या आसपासचं साल असलेलं मोठं तांब्याचं नाणं. प्रत्येक बाजारात असतं, सोबत गोष्ट असते की ह्याने तांदूळ ओढला जातो, घरात ठेवलं की लक्ष्मी येते, मुंबईत पार्टी लाखोंना घेते. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही. ही सगळी देवळांबाहेर विकायला बनवलेली टोकनं आहेत. कंपनीची सगळीकडे सारखी चालणारी नाणी सुरू झाली १८३५ साली, आणि त्यावर राजाचा नाहीतर राणीचा चेहरा किंवा कंपनीचं चिन्ह. देव नाहीत.

दोन, चांदीचा रुपया. राणी छाप, एडवर्ड, पंचम जॉर्ज वगैरे. खरा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. खिशात मावणारा डिजिटल काटा मिळतो, तो न्या. झिजलेला असेल तर थोडं कमी भरेल, पण ९ ग्रॅम भरला किंवा १३ भरला तर ठेवून द्या परत. आणि १९४० पासूनच्या रुपयांमधे चांदी निम्मीच आहे, युद्धामुळे कमी केली होती, म्हणून १९४२ चा रुपया १९१२ च्या भावाने घेऊ नका.

तीन, भोकाचा पैसा. १९४३ ते ४७ मधला. हा खरा पण असतो आणि भरपूर मिळतो, त्यामुळे "दुर्मिळ आहे साहेब" म्हटलं की हसून पुढे जा. लहान मुलांना दाखवायला मात्र एक नंबर, बायका करदोट्यात ओवायच्या म्हणून माझी आजी सांगायची.

चार, शिवराई. ह्यात मी कोणाला सल्ला देत नाही. खरी शिवराई मिळते, पण 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' ही अक्षरं नाण्याच्या बाहेर गेलेली, अर्धवट उमटलेली असतात कारण ठसा मोठा आणि नाणं लहान. सगळी अक्षरं स्पष्ट, गोलात नीट बसलेली, कडा गुळगुळीत असं दिसलं की मला तरी शंका येते. शिकायचं असेल तर आधी जाणकाराबरोबर जा आणि पहिले काही महिने नुसतं हाताळा, घेऊ नका.

बोरिवली_फास्ट

मस्त धागा. मुंबईकरांनी हजेरी लावायलाच हवी 😀

आमच्याकडे चोरबाजार. बाहेरून येणाऱ्यांचा नेहमी घोळ होतो तो वारांचा. मटन स्ट्रीटवरची अँटिकची दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच शुक्रवारी सकाळी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. म्हणजे शनिवार-रविवारी गेलात तर दुकानं मिळतील, शुक्रवारी गेलात तर पथारी मिळेल. ग्रँट रोड ईस्टला उतरून चालत जा, वाटेत नळ बाजार लागतो. टॅक्सी करू नका, त्या गल्ल्यांत टॅक्सीपेक्षा हातगाडी लवकर पोचते.

दुकानांत जे चकचकीत कर्ण्याचे ग्रामोफोन दिसतात ना ते बहुतेक नवीन बनवलेले किंवा चार मशीनचे भाग जोडून केलेले. दिसायला भारी, घरात ठेवायला हरकत नाही, फक्त 'आजोबांच्या काळातला' म्हणून पैसे देऊ नका. दुकानदार पण सरळ विचारलं तर सांगतात, मला तर एकाने हसून सांगितलं की साहेब कर्णा मुरादाबादचा, डबा मुंबईचा, आतलं मशीन देवाला ठाऊक.

पुस्तकांसाठी फाउंटनच्या फुटपाथवर. २००५ मधे महापालिकेने बहुतेक सगळे उठवले होते, त्यातले काही परत आले. पूर्वीसारखं नाही राहिलं पण ऑफिसच्या दिवसांत गेलात तर अजून मजा आहे, रविवारी फोर्ट म्हणजे सामसूम.

घड्याळजी

चोरबाजार निघालाच आहे तर घड्याळांचं सांगतो.

एचएमटी. कंपनीचा घड्याळांचा कारभार २०१६ ला बंद करायचा निर्णय झाला आणि तेव्हापासून सगळ्यांना एकदम एचएमटीची आठवण यायला लागली. मग बाजारात काय आलं, तर गुलाबी, पोपटी, भगव्या डायलची जनता आणि पायलट, वर विमानाचं चित्र, तिरंगा, काय वाट्टेल ते. ही घड्याळं मुंबईत डायल नव्याने रंगवून किंवा छापून केलेली असतात. आतलं मशीन खरं एचएमटीचंच असतं पुष्कळदा, पण तीन घड्याळांतून गोळा केलेलं.

घेताना काय बघायचं, डायलवरचं अक्षर भिंगातून बघा. कारखान्यातली छपाई कोरीव, बारीक, कडा धारदार. रंगवलेल्यात अक्षरं जाड आणि मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळत नाहीत. खरं डायल जुनं असणार, कडेला थोडं पिवळं पडलेलं, तेच चांगलं. चावी देऊन बघा, चावी दोन्ही बाजूला गरगर फिरत राहिली तर स्प्रिंग गेली. काटे फिरवून बघा, काटे सैल पडत असतील तर खर्च आहे. आणि कानाला लावा. टिकटिक एकसारखी हवी. लंगडत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.

रविवारी बाजारात घेतलेलं घड्याळ 'चालू' असतं ते विक्रेत्याच्या हातात. तुमच्या हातात सोमवारी पण चालू राहिलं तर नशीब समजा.

नियमावली

दोनतीन गोष्टी कोणीतरी लिहायला हव्यात म्हणून लिहितो, रसभंग होत असेल तर माफी.

जुना मोबाईल बाजारातून घेऊ नका, आणि घ्यायचाच असेल तर *#०६# दाबून आयएमईआय (मोबाईलचा स्वतःचा ओळख नंबर) बघा आणि केवायएम लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ ला एसएमएस करा. हरवलेला म्हणून ब्लॉक झालेला असेल तर तिथे कळतं. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हाच आहे, आधी आयपीसीचं ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. "मला काय माहीत" म्हणून सुटता येतं असं नाही, भाव इतका पडेल होता की शंका यायलाच हवी होती असं समोरचा म्हणू शकतो.

दुसरं, शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, शिल्प, चित्र वगैरे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. हस्तलिखिताला ७५ वर्षं. धंदा करायला लायसन लागतं, आणि देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या अमेरिकेच्या भाच्याला खरी जुनी मूर्ती भेट देऊ नका.

तिसरं मंगळवार_पेठी यांच्यासाठी. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात 'नैसर्गिक बाजार' अशी कल्पना आहे, म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं जमत आलेत अशी जागा. पन्नास वर्षांपेक्षा जास्त काळ भरणारा असा बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही असंही त्यात आहे. नगर पथविक्रेता समितीत कमीत कमी ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. कागदावर सगळं आहे. तुमच्या रिक्षाचा प्रश्न पण त्या समितीसमोरच सुटायला हवा.

मंगळवार_पेठी

@नियमावली, माहितीबद्दल धन्यवाद. पण मी कुठे म्हटलं हलवा म्हणून? माझा स्वतःचा ड्रिल तिथलाच आहे. मला एवढंच पाहिजे की एका बाजूला मांडा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, आणि रविवारी सकाळी तो रस्ता चारचाकीला बंद करा. गाड्या बंद केल्या की माणसांना रस्ता मिळेल आणि पथारीवाल्यांना पण. लक्ष्मी रोडला ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला करतातच ना, नगरकर तालीम ते गरुड गणपती. २०२१ पासून करतायत, आकाश कोसळलं का? वर्षातून एकदा करून फोटो काढण्यापेक्षा दर रविवारी आमच्याकडे करा.

साबरमतीकर

अहमदाबादहून. आमच्याकडे रविवारी म्हणजे गुजरी बाजार, साबरमतीच्या काठाला एलिस ब्रिजखाली. परंपरा थेट अहमदशहापासूनची सांगतात, १४१४ सालची. रिव्हरफ्रंट झाला तेव्हा त्याला उठवणार म्हणून बरंच रामायण झालं, विक्रेत्यांची संघटना कोर्टात गेली, आणि शेवटी तिथेच काठावर ओटे बांधून, झाडं ठेवून नवीन जागा दिली, २०१४ मधे.

चांगलं काय झालं तर सावली आली, पाणी आलं, चिखल गेला. वाईट काय, ज्यांची नावं यादीत नव्हती ते ओट्यांच्या बाहेर रस्त्यावर बसतात, आणि खरा मजेशीर माल त्यांच्याचकडे असतो. म्हणजे तुमच्याकडे कधी नवीन जागा करायची ठरली तर आधी यादी नीट करून घ्या. नाव नसलेला माणूस कायम रस्त्यावरच.

पुस्तकं, खाटा, शेळ्या, कोंबड्या, सुताराची हत्यारं, सगळं एकाच ठिकाणी. खाट विकत घेऊन डोक्यावरून पूल ओलांडणारी माणसं बघायची असतील तर या.

कॅमेरा_गळ्यात

फोटोवाल्यांवर दोघातिघांनी टोमणे मारलेत म्हणून लिहितोय 😅 दर रविवारी सात-आठ जणांचा ग्रुप घेऊन जातो आम्ही. कोणाला त्रास देत नाही. उलट आमच्यामुळे बाजार लोकांना कळतो.

पायपीट

कॅमेरा_गळ्यात, राग मानू नका पण बाजार ज्यांना कळायला हवा त्यांना तो कधीचा कळलेला आहे. तुमच्यामुळे जे कळतात ते माझ्यासारखे, रिकामे हिंडणारे. आणि सात-आठ जणांचा घोळका एका पथारीसमोर गुडघ्यावर बसला की तेवढा वेळ खरं गिऱ्हाईक मागे उभं राहतं, किंवा निघून जातं. त्या माणसाचा धंदा दिवसभराचा, त्यातली चांगली वेळ सकाळची दोनतीन तास.

दोनदोन जण जा, आधी काहीतरी घ्या, मग विचारून फोटो काढा. आणि भवानी व्हायच्या आधी तर अजिबात नको. भवानीच्या वेळेला नुसतं उचलून खाली ठेवणारा माणूस कोणालाच आवडत नाही, मग त्याच्या गळ्यात कॅमेरा असो नाहीतर नसो.

कॅमेरा_गळ्यात

भवानीचा मुद्दा मान्य. ग्रुप अर्धा करतो.

कोल्हापुरी_ठसका

काय लावलंय पुणं-मुंबई पुणं-मुंबई. आमच्या लक्ष्मीपुरीत या की रविवारी. आठवडा बाजार बघायचा तर भाजीपाल्याचा बघा, भंगाराचा काय बघताय! कोवळी भेंडी कशी मोडून बघतात, वांग्याचं देठ कसं बघतात, मिरची नाकाला लावून कशी पारखतात हे बघा. बाया येतात जवळच्या गावांतनं, पाटी उतरून पोत्यावर मांडतात, आणि संध्याकाळी राहिलेलं वाटा करून विकून मोकळ्या. वाटा म्हणजे वजन नाही काय नाही, ढीग. हा ढीग एवढ्याला. घ्या नाहीतर सोडा.

तेवढं घासाघीस करताना माणूस बघा भावांनो. मॉलमधे बिलावर सही करून येता गुमान, आणि म्हातारीबरोबर दोन रुपयावरनं वाद घालता.

कल्हईवाली

+१ कोल्हापुरी. पुण्यात पण शेतकरी आठवडे बाजार सुरू झालेत. माल ताजा असतो. पण खरं सांगू, मला मंडईच आवडते. १८८६ सालची ती दगडी इमारत, मधे आठ कोनांचा मनोरा, आणि खाली गाळ्यांवर उंच बसलेले विक्रेते. आपण खाली उभं राहून वर बघून भाव विचारायचा, त्यामुळे घासाघीस करणाऱ्याचा जोर आपोआपच निम्मा होतो. मूळ नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे वरून. ज्या फुल्यांचं नाव नंतर दिलं त्यांनीच नगरपालिकेत असताना हा खर्च नको म्हणून विरोध केला होता, शाळांवर करा म्हणून.

बाहेरच्या बाजूला रस्त्यावर बसणाऱ्या बायकांकडे रानभाज्या मिळतात पावसाळ्यात, आतल्या गाळ्यांवर नाही. टाकळा, कुर्डू, कधी शेवळं. शेवळं घेतलीत तर काकडं (त्यात घालायची आंबट फळं) पण मागून घ्या, नाहीतर घसा खाजेल आणि मला शिव्या घालाल.

सुलूमावशी

शेवळं! कधी येतात मंडईत?

कल्हईवाली

पहिला पाऊस पडला की लगेच मावशी, आणि थोडेच दिवस. लवकर गेलात तरच.

बोरिवली_फास्ट

एक प्रश्न. आम्ही चारजण मुंबईहून एका रविवारी येऊ म्हणतोय, सकाळची गाडी पकडून. गणपतीत येऊ का? म्हणजे दोन्ही होईल, बाजार पण आणि देखावे पण.

मंगळवार_पेठी

गणपतीत अजिबात नको. पेठांत पाय ठेवायला जागा नसते, रस्ते बंद, मेट्रोला रांगा, आणि तुम्ही बाजार बघणार कधी. भर पावसात पण नको, प्लास्टिक टाकून झाकलेलं असतं सगळं आणि निम्मे बसतच नाहीत. दसरा ते दिवाळीच्या मधले रविवार धरा. घरोघरी साफसफाई निघालेली असते, माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याला जातं आणि तिथून इथे येतं. सकाळी नऊपर्यंत पोचा, दुपारी ऊन तापतं. आणि सुटे पैसे आणा, क्यूआर कोड बऱ्याच जणांकडे आहे पण गर्दीत नेट चालत नाही.